आपोआप वाजणारी घंटा

२ जानेवारी १९६५
नवी डायरी. उपमुख्याध्यापकाची जागा जूनमध्ये रिकामी होते. माझ्याइतका लायक दुसरा नाही, फक्त हेडमास्तर खुशालरावांच्या ते लक्षात यायला हवं. आज संधी चालून आली. शिपाई पुंजाराम ३१ मार्चला रिटायर होतोय. मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की दुसरा शिपाई नको, १ एप्रिलपासून शाळेची घंटा आपोआप वाजेल. हेडमास्तरांनी जबाबदारी माझ्याकडून लिहून घेतली. केवढा विश्वास.

५ जानेवारी
मार्ग तीन. गजराचं घड्याळ: फुकट, घरातच आहे. रेडिओतला व्हॉल्व्ह: मजबूत, पण वीज खातो आणि तापायला वेळ घेतो. ट्रान्झिस्टर: महाग, पण सेलवर चालतो, काडेपेटीत मावतो. शिवाय अमरावतीत दुसऱ्या कुठल्या मास्तरकडे नसणार. घाईने ठरवायचं नाही.

१७ जानेवारी, रविवार
अकोल्याला जाऊन आलो. रेडिओ दुरुस्त करणारे अब्दुल गफ्फार. माणूस हुशार, पण दृष्टी मर्यादित. म्हणाले, व्हॉल्व्ह घ्याल तर लाइट गेली की घंटा गेली. ट्रान्झिस्टर घ्याल तर आपल्याकडच्या उन्हात तो बहकतो. मग घ्यावं काय, असं विचारलं, तर म्हणाले, पुंजारामचा पगार किती? विषयांतर. ट्रान्झिस्टर घेतला, बावीस रुपये. व्हॉल्व्हही घेतला. तुलनेला लागतो.

९ फेब्रुवारी
घड्याळ उघडून मिनिटकाट्याला तांब्याची पट्टी लावली. घंटा उत्तम वाजली. मात्र तासाला एकदाच वाजते आणि आमचा पिरियड पस्तीस मिनिटांचा. सगळे पिरियड साठ मिनिटांचे करावेत, असं हेडमास्तरांना सुचवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. विचार करताहेत.
शाळा सकाळी सातची. गजर नसल्याने तीन दिवस उशीर झाला. घड्याळ परत कधी मिळणार, असं बायको, तारा, विचारते. बायकांना प्रयोगाचं महत्त्व समजत नाही.

३ मार्च
व्हॉल्व्ह बसवला. आठ वाजून दहा मिनिटांच्या घंटेला लाइट गेली. पुंजाराम मागे हातोडा घेऊन उभाच होता. त्याने टांगलेल्या रेल्वे रुळाच्या तुकड्यावर वाजवली. अशा अविश्वासाच्या वातावरणात काम करणं कठीण.

२८ मार्च, रविवार
ट्रान्झिस्टरच. घरी सात वेळा अचूक. ऊन लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात बंद केला. गफ्फारमियांना हे सुचलं नव्हतं.

३१ मार्च
पुंजारामला शाल, नारळ. मी दोन शब्द बोललो, यंत्रयुगावर. जाताना त्याने लोखंडी हातोडा माझ्या हातात दिला. म्हणे, “राहू द्या जवळ, मास्तर. कामी पडन.” म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून घेतला.

१ एप्रिल
सात वाजता वाजली. पुढच्या पाच घंटाही अचूक. पूर्वेच्या भिंतीवरचा डबा तोवर हात लावू देईना. साडेदहाला वाजली ती थांबेना. शाळा सुटली समजून मुलं घरी गेली. शेवटी भूगोलाच्या रविकांतरावांनी तार तोडली. त्यात काही कौशल्य लागत नाही. आज तारीख काय, असं हेडमास्तरांनी मला दोनदा विचारलं.

१ जुलै
रविकांतराव उपमुख्याध्यापक झाले. वाईट वाटलं. खूप वाटलं. त्यांचा पहिलाच हुकूम: यंत्र तयार होईपर्यंत, लेखी कबुलीप्रमाणे, घंटा गोपाळकृष्ण मास्तर वाजवतील. म्हणजे मी.

२ जुलै
आजपासून वाजवतोय. तुलनेत चौथा मार्ग लिहिला, हातोडा: वीज नको, सेल नको, उन्हात बहकत नाही. जादा खर्च शून्य. दोष: नाही.
पुंजाराम पेन्शनच्या कागदासाठी आला होता. सात वाजल्यापासून फाटकाशी सगळ्या शाळेबरोबर उभा होता म्हणे. पहिली घंटा झाल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, टोला चांगला देता तुमी. फक्त येळेवर येत जा.”
दोष: एक. ताराचं घड्याळ अजून जोडायचं राहिलंय.