बोट उचललं की चूक

४ मार्च
सत्यानाश! मुलीनं काल कॉम्प्युटरवरचं पुस्तक जुळवायचं सॉफ्टवेअर नवं करून टाकलं. म्हणे, ‘‘बाबा, अक्षरं मोठी दिसतील तुम्हाला.’’ आज बायकोची गोष्ट उघडली तर पानभर चौकटी, कंस, मधेच इंग्रजी अक्षरं. ओळींवर गुलाबी पट्टे. फॉन्ट सापडत नाही म्हणतंय!
हिच्या गोष्टींच्या पुस्तकातली शेवटची ती, कासवाची. आजारी पडायच्या आधी हिनं तोंडी सांगितली, मी टाइप केली. कागदावर कुठेच नाही.

५ मार्च
मुलीवर ओरडलो. ती भांडी घासत राहिली.
अर्धांगाच्या झटक्यानं हिची वाचा गेली, तरी बाकीच्या गोष्टी हिनंच तपासल्या. मी मोठ्यानं वाचायचं, मधे एक चूक मुद्दाम घालायची — छापखान्यात आम्ही असंच करायचो, तपासणारा जागा आहे का बघायला. ही लगेच डाव्या हाताचं बोट उचलते. डोळ्यांत तेच जुनं — ‘‘अहो, लक्ष कुठंय?’’ मुलीला हे ठाऊक नाही. आमचं दोघांचं आहे.
डॉक्टर म्हणाले, काय वाचून दाखवायचं ते लवकर दाखवा.

७ मार्च
जुना फॉन्ट शोधून परत घातला. सगळं बंद केलं, चालू केलं. चौकटी त्याच! माझी शाळा चौथीत सुटली, अक्षरं पक्की शिकलो ती छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांवर, उलटी. हे नुसतं उलटं असतं तर वाचलंही असतं.

८ मार्च
नाही जमत. दुरुस्तीवाल्याला फोन केला.

१० मार्च
दुरुस्तीवाला आला. ‘‘काका, नव्या आवृत्तीत तुमचा फॉन्ट चालतच नाही. मजकूर नव्या फॉन्टात बदलून घेऊ.’’ बदलला. अक्षरं आली! पण रफार शेजारच्या अक्षरावर, वेलांट्या भलतीकडेच. दिवसभर एकेक जागेवर बसवतोय.
मुलगी दारातून म्हणाली, ‘‘आईनं काही घेतलं नाही आज. जरा येऊन बसा ना तिच्याजवळ.’’
‘‘आलो, एवढं पान होऊ दे.’’
गेलो नाही.

१२ मार्च
झालं! एकही वेलांटी इकडची तिकडे नाही. छापून घेतलं. ही दिवसभर झोपूनच होती. उद्या वाचतो.

१३ मार्च
वाचली. तिसऱ्या ओळीत ‘कासव’ दोनदा म्हटलं. थांबलो. हिचे डोळे उघडे होते. बोट हललं नाही.
तीच ओळ पुन्हा वाचली. तशीच, चुकीची. जरा मोठ्यानं.
पायाशी बसलेली मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाबा, कासव दोनदा झालं.’’