मधली ग्रेड

नाना, परवा जळगावात सायकलच्या दुकानात दुकानदाराने माझ्यापुढे तीन खोकी उघडून ठेवली. "ताई, यातली कुठली ग्रेड टाकू?" असं त्याने विचारलं आणि मी तोंड उघडलं तर त्यातून तुमचा आवाज आला. "मधली चालेल," मी म्हणाले. हात लावून बघितलं नाही, विचार केला नाही, काही नाही. म्हटल्या म्हटल्या माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुकानदाराला वाटलं, बाई किमतीला घाबरल्या. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी विचारलं. मला पाणी नको होतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि तुम्ही तर केव्हाच सुटलात.

तुम्हाला आधी सगळं समजावून सांगावं लागेल, कारण तुम्ही होता तेव्हा आपल्याकडे हे असलं काही नव्हतं. पळण्याच्या शर्यती मी अधूनमधून करतेच, आता एका वेगळ्याच शर्यतीत उतरतेय. आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, आणि सायकल ठेवली की तिथूनच पळत सुटायचं. हो, या वयात. मी शिकवते त्या असोद्याच्या शाळेतल्या माझ्या बरोबरीच्या बाया गुडघ्यांना तेल लावतात आणि मी पहाटे पोहायच्या तलावावर जाते. या शर्यतीची सायकल वेगळी असते. हँडलच्या पुढे दोन दांडे निघालेले असतात, त्यांवर कोपरं टेकून जवळजवळ पालथं पडून चालवायची, मान खाली, म्हणजे वारा अंगावरून निघून जातो. माझ्या मापाची तयार मिळेना, म्हणून सांगाडा वेगळा मागवला आणि बाकीचे भाग निवडून बसवायचे ठरले. गिअर बदलणारं यंत्र, ब्रेक, पॅडलचे दांडे. एकच कंपनी हे सगळं तीन ग्रेडमध्ये बनवते. खालची तारेवर चालते. मधली आणि वरची बॅटरीवर, नुसतं बटण दाबायचं.

"काम दोन्ही सेम करतात, ताई," दुकानदार म्हणाला. "वरचं हलकं आहे, दिसायला भारी आहे. पण रस्त्यात काही तुटलं तर मधल्याचा पार्ट मी इथे देऊ शकतो. वरच्याची वाट बघावी लागेल. बघा तुम्ही."

माणूस सरळ आहे. विकायला बसलाय आणि महागातलं घेऊ नका म्हणतोय. मीही इतकी वर्षं सायकल चालवतेय, मलाही कळतं की त्याचं बरोबर आहे. शहाण्या माणसाने मधली घ्यावी. पण मधली घेतली की तुमचं खरं होतं, नाना. आणि तुमचं खरं झालेलं मला चालणार नाही.

तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. नरडाण्याच्या बाजूची अख्खी गावं तुम्हाला ओळखायची. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, लोक गाडीखालीच झोपायचे, आणि तुम्ही पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून गाडीगाडीवरून फिरायचात. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि बोलायचं. वरचा तो सुपर, मधला तो फेअर, खालचा तो कवडी. एकदा बोललात की बोललात. शेतकऱ्याने हात जोडले तरी तुम्ही पुढच्या गाडीकडे गेलेले असायचात. लोक म्हणायचे, भाऊ कडक शेतस पण खोटा नहीत. मला त्याचा अभिमान होता. शाळेत माझ्या वडिलांचं नाव निघालं की मी ताठ बसायची.

आणि मग तेच तुम्ही घरी घेऊन आलात. पाहुणे ओसरीवर बसलेले, आई चहा देतेय, दादा नि मी दारात उभे. कुणीतरी सहज विचारतं, पोरं अभ्यासात कशी आहेत. तुम्ही आमच्याकडे एकदा बघता आणि म्हणता, "पोऱ्या सुपर शे. पोर फेअर शे." सगळे हसतात. आईचा चेहरा पडतो. आत आल्यावर ती हळूच म्हणते, "पोरना म्होरे असं नका बोलू." आणि तुम्ही म्हणता, "शे तेच सांगस मी." मी तेव्हा पाचवीत होते, नाना. पाचवीतल्या पोरीत कुठला धागा ओढून बघितला होता तुम्ही? पाहुणा दर वेळी नवा असायचा आणि ग्रेड तीच असायची. पुढे पुढे तर मीच हसायला लागले, कारण आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं.

दहावीत आमचे खेळाचे सर घरी आले होते, तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मला त्या दिवशीच्या भाकरीसुद्धा आठवतात. मी आत कळण्याच्या भाकरी थापतेय, हात पिठात आहेत, चुलीचा धूर डोळ्यात जातोय आणि कान बाहेर आहेत. सर म्हणतात, "भाऊ, पोर पळामा चांगली शे. नाशिकले खेळाडू पोरीसनं वसतिगृह शे. धाडा तिले."

तुम्ही विचारता, "तालुकामा पहिली उनी का?"

"दुसरी उनी. पण अनवाणी पळनी ती. परवा धुळामा जिल्हानी शर्यत शे, तुम्ही एकदाव ईसन देखा तिले."

"दुसरी उनी म्हणजे फेअर शे ना. त्यामा काय देखनं?" तुम्ही म्हणालात, आणि लगेच आत बघून, "चहा आणा वं."

चहा मीच नेला. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. एका चहात माझा निकाल लागला. धुळ्याला तुम्ही आला नाहीत. मी मागे पडले आणि ते ऐकून तुम्ही मान हलवलीत, काट्यावर वजन जुळल्यासारखी. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मला डी.एड. "मास्तरीण व्हयनी तरी गंज," तुम्ही आईला म्हणालात, माझ्यासाठी तेवढंच पुष्कळ. मी मास्तरीण झाले. चांगली झाले. पण ते तुम्ही कधी बघायला आला नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं. तुमच्यासारखे बाप गल्लीत पाच-पन्नास होते. मी माफ करू शकत नाही ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सर येऊन गेले त्यानंतर काही दिवसांनी मी तुमचा डबा घेऊन केंद्रावर आले होते. तुम्ही एका म्हाताऱ्याच्या गाडीपाशी होता. वरचा कापूस हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "फेअर." म्हातारा रडला नाही, पाया पडला नाही. नुसता म्हणाला, "साहेब, सारा माल तसा नही शे. खाले हात घाला." तुम्ही थांबलात. पुढे गेला नाहीत. शर्टाची बाही आणखी वर सारलीत आणि त्या गाडीत कोपरापर्यंत हात घातलात. एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी. आतला कापूस काढून अंगठ्यांमध्ये ओढला, उजेडात धरला, पुन्हा ओढला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वरला दवमा भिजेल शे. खालला सुपर शे. सुपर लिखा."

मी डबा धरून तिथेच उभी होते. तुम्हाला ग्रेड बदलता येते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे वरवर बघून बोललेलं चुकू शकतं हे तुम्हाला माहीत होतं. खालपर्यंत हात घालावा लागतो हे माहीत होतं. परक्या म्हाताऱ्याच्या कापसासाठी तुम्ही रांग खोळंबवलीत. आणि मी तुमच्या घरात, तुमच्यासमोर, तुमच्याच भाकरी थापत होते. तुम्ही निर्दय असता तर बरं झालं असतं. तुम्ही न्यायी होता, फक्त तो न्याय घराच्या बाहेर ठेवून यायचात. या गोष्टीचा राग मला आजही तेवढाच आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात, माझा निवला नाही.

डी.एड.ला जायच्या आधी तुम्ही मला धुळ्याला सायकल घ्यायला नेलंत. दुकानदाराने तीन सायकली भिंतीला लावून ठेवल्या. मी टोकाच्या निळ्या सायकलीकडे बघत होते, तिला गिअर होते. तुम्ही मला न विचारता मधलीवर हात ठेवलात. ती सायकल मी किती वर्षं चालवली माहीत आहे? कधी धोका दिला नाही तिने. पावसात, चिखलात, मूल पोटात असताना, कधीच नाही. चांगली सायकल होती. हे लिहितानासुद्धा मला चीड येतेय.

परवाच्या दुकानातून आल्यावर मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टॉपचं घे आणि मोकळी हो. मेलेल्या माणसाशी काय भांडतेस?"

"तुला काय जातंय बोलायला," मी म्हणाले. "तू सुपर होतास."

तो म्हणाला, "सेकंड इयरला दोन विषय राहिले होते माझे. दिवाळीला घरी आलो नाही ते त्यामुळे. तुम्हा सगळ्यांना सांगितलं, प्रोजेक्ट आहे. फेअर असतो तर आलो असतो."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. उलट आणखी भडकले. म्हणजे त्याच्याही आत तुम्ही बघितलं नव्हतं. एका घरातल्या दोन्ही गाड्या तुम्ही वरूनच पास केल्यात. मी फोन ठेवून दिला आणि भांडी घासायला घेतली, आणि ती इतकी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मग रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे काही नाही, मी चांगली झोपले. पण उठल्यावर एक गोष्ट ठरलेली होती. वरची ग्रेड तुमच्यावरच्या रागाने घेतली तर तीही तुम्हीच निवडल्यासारखी होईल. मधली गुपचूप घेतली तर तो तुमचा शिक्का. दोन्हीकडून तुम्हीच. म्हणून रविवारी मी दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, मला दोन्ही चालवून बघायच्या आहेत आणि कुठली कुठली आहे ते मला सांगायचं नाही.

तो हसला, पण त्याने केलं. त्याच्याकडे एका डॉक्टरांची सायकल सर्व्हिसिंगला आलेली होती, एका ग्रेडची, आणि दुकानाची स्वतःची होती, दुसऱ्या ग्रेडची. डॉक्टरांना फोन करून विचारलं. सीट सारख्या केल्या, चाकं सारखी लावली, नावांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. दोन्ही काळ्याच होत्या. शहराबाहेर केळीच्या बागा लागतात त्या रस्त्यावर तो मला घेऊन गेला. मी आधी एक चालवली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. सपाटीवर, मग कालव्याच्या चढावर. पाय जड झालेले असताना गिअर कसा पडतो, घामेजलेल्या अंगठ्याखाली बटण कसं लागतं, दगड आल्यावर ब्रेक किती आधी धरतो. कुणी घाई केली नाही. ऊन चढलं, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी थांबून चौकशी केली. शेवटी मी एका सायकलवर हात ठेवला. "ही."

त्याने पट्टी काढली. मधली.

"बरोबर निवडलंत, ताई," तो म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन. मी त्याला म्हटलं, पट्टी परत लाव, मी पुन्हा चालवते. त्याने दोन्ही सायकली झाडामागे नेऊन पुन्हा पट्ट्या लावून आणल्या. मी पुन्हा चालवल्या, आणि पुन्हा तिच्यावरच हात ठेवला. बटण माझ्या अंगठ्याला नीट लागत होतं, एवढंच कारण. वरच्या ग्रेडचं मला लागत नव्हतं. कदाचित माझा अंगठा आखूड असेल. मी तिथेच ऑर्डर दिली. मधली. पण ही तुमची नाही, नाना. ही मी चढावर दोनदा पारखून घेतलेली आहे. तुम्हाला यात काही एक हक्क नाही, हे मी तुम्हाला ठणकावून सांगते.

एवढंच सांगायला बसले होते. पण एक राहिलं, आणि हे पत्र कुणीच वाचणार नाही म्हणूनच लिहिते. दुसऱ्या फेरीला मी उतारावरून येत होते, कोपरं दांड्यावर, वेग चांगला मिळाला होता. दुकानदार मागून मोटरसायकलवरून ओरडत होता, "ताई, मान खाली! वर काय बघताय?" मी मान खाली घातली. पुढच्या वळणावर पुन्हा वर केली. त्याने परत ओरडून सांगितलं. त्याला मी म्हटलं की रस्ता बघत होते. रस्ता मोकळा होता, नाना. मी कडेला कोण उभं आहे ते बघत होते. धुळ्याच्या त्या शर्यतीपासून प्रत्येक शर्यतीत बघते.