मधल्या खोलीतलं पेव

९ नोव्हेंबर १९७१, मंगळवार. सकाळी ६.४०
घर घेऊन आज एकोणिसावा दिवस. मधल्या खोलीत ट्रंक सरकवताना जमीन खचली. ट्रंक आत, मी कमरेपर्यंत आत. खाली धान्य साठवायचं जुनं पेव निघालं. पेवाची खोली नऊ फूट चार इंच (आत दोरी सोडून मोजली). विकणाऱ्या लंकाबाईनं हा दोष लपवला! ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, कलम ५५. सातवी पास असून हे कलम शेवगावात माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही. बाई आता सुटत नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार
पुष्पावती म्हणते, मुरूम टाकून बुजवून घ्या, स्वयंपाकघरात जायला भिंतीला पाठ लावून जावं लागतं. म्हटलं, हा पुरावा आहे, हात लावायचा नाही. भोवती सुतळी बांधली. मग पुराव्यातली माझी ट्रंक तरी काढून द्या म्हणाली, लग्नातलं लुगडं आहे आत. ट्रंकसुद्धा पुरावाच.

१४ नोव्हेंबर, रविवार
नोटीस तयार. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. मागण्या: व्यवहार रद्द, शिवाय लेखी माफी.

१७ नोव्हेंबर, बुधवार
नगरला वकिलांकडे. नोटिशीचं अक्षर सुंदर आहे म्हणाले. मग खरेदीखतातलं कलम सात मोठ्यानं वाचलं: 'लिहून घेणार यांनी सदर घर पायापासून आढ्यापर्यंत स्वतः बारकाईने तपासले असून लिहून देणार यांनी काही सांगण्याची जरुरी नाही.' हा मसुदा कोणत्या गाढवाचा, असं विचारलं. म्हटलं, आमच्याकडे एक जाणकार आहेत.
(खरेदीखत लिहायला बसलेल्या बॉण्ड रायटरला मीच उठवून लावलं होतं. त्याची भाषा ढिसाळ.)
परतीच्या एस.टी.त जागा होती. उभाच राहिलो.

२१ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
लंकाबाई भिंगारहून, लेकीच्या घरून, आली. पुष्पावतीनं मला न विचारता कार्ड टाकलेलं. मागं बाईचा इथलाच भाऊ गहिनीनाथ, बैलगाडीत मुरूम. दारातूनच म्हणाली, "आन्ना, लागलं तर न्हाई ना?" नोटीस खिशातच राहिली.
मग पुष्पावतीला म्हणाली, "घर दावताना तीनदा सांगितलं बाई, मधल्या घरात पेव हाय, आदी बुजवा. हे आपले भिंती ठोकत पुढं पुढं. म्हनलं, ह्यास्नी कमी ऐकू येतं जनू. न्हाईतर शिकलेला मानूस असं करंल व्हय?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हटलं, हो, डावा कान जरा जडच आहे.

दुपारी २.१५
ट्रंक काढली. गाडीच्या चार खेपांत पेव बुजलं. "वरून पानी मारा आन्ना, दाबून बसंल!" लंकाबाई कानाशी येऊन ओरडली. मान डोलावली.
दोन्ही कान शाबूत आहेत. तिन्ही वेळा ऐकलं होतं. अंगठा उठवणाऱ्या बाईनं मला घर समजावून सांगावं, याचा राग आला होता.

संध्याकाळी ५
पुष्पावती मागून आली. डाव्या कानाशी अगदी हळू म्हणाली, चहा घेता का?
पटकन हो म्हणून गेलो.
ती हसली असती तर बरं झालं असतं.