क्रँकवरची रेष

आबा, जीपचं इंजिन खोलून अंगणात ताडपत्रीवर पसरलंय. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. धूर लई सोडत होतं, हर्सूलच्या चढाला धापा टाकत होतं. मिस्त्री बघून म्हणला, "अम्मा, इसमें कुछ नई रहा. सामान भी नई मिलता. दूसरा इंजन डाल देव." तुमचा नातू, माझा पोरगा, त्याच्यावर खेकसला. त्याला हेच बांधून पाहिजे, आज्याच्या हातचं. दिवाळीला बायको-पोरी घेऊन घाट उतरून सोयगावला जायचंय, सासुरवाडीला. मी म्हणलं, "आज्याचा हात कधीच जळून गेला, तू इंजिनाला काय कवटाळतोस?" दोन दिवस बोलला नाय माझ्याशी.

आज तो सामानाच्या तपासाला औरंगपुऱ्यात गेला, तसा मी क्रँक पुढ्यात ओढला. गाडीचा सगळा जोर ज्या दांड्यावर फिरतो, तोच जर फसवा असला तर बाकीचं नवं घालून काय उपयोग. तुम्ही शिकवलेलं तसंच केलं. रॉकेल आता कुठं मिळतंय, डिझेल लावलं, कोरडं पुसलं, खडूची पूड चोळली अन् बसून राहिले. शाळेत मी दोन यत्ता गेले, ते पण तुम्हाला खडू चोरून आणायलाच जास्त. तडा असला तर आत मुरलेलं तेल हळूहळू खडूवर चढतं, काळी रेष उमटते. उमटली. केसाएवढी, अगदी वळणापाशी.

अशी रेष मी एकदा बघितलीय. दहा वर्षांची असंन. भाड्याच्या एका जीपचा क्रँक तुमच्यापुढं आहे, मी बोट दाखवतेय, "आबा, ही बघा." तुम्ही चिंधीनं पुसून टाकता. "घाम आहे लोखंडाचा. जा, चूल पेटव." दुपारी माणूस गाडी न्यायला येणार होता, अन् दिलेल्या शब्दाला तुम्ही चुकत नाय म्हणून गावभर तुमचं कौतुक. दहा दिवसांनी सोयगावच्या घाटात तो क्रँक तुटला. उताराला इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते सुटलं. ड्रायव्हर गेला, मागं बसलेल्या दोघी बाया गेल्या. लोक म्हणले, पिला असंल. तुम्ही ओट्यावर बसून ऐकलं अन् मान डोलावली. मी आत भाकरी थापत होते. मी पण ऐकलं.

नातू आला, तवर रेष तशीच ठेवली होती. त्यानं अंगठ्यानं चोळली. "ओरखडा असंल, माय. आज्यानं बघितल्याबिगर बसवला असता का?"

मग सगळं सांगितलं. ही रेष मागाहून पडली का तुम्ही बसवतानाच होती, ते मला ठाऊक नाय, हे पण सांगितलं. त्यानं अंगठ्याला लागलेला खडू पुसला. मग मिस्त्रीला फोन लावला, म्हणला, "दुसरं इंजिन बघा." फोन ठेवून मला विचारलं, "त्या ड्रायव्हरच्या घरी आज्यानं कधी सांगितलं का, चूक कुणाची ती?"

मी म्हणलं, "व्हय. आबा स्वतः जाऊन पाया पडले त्यांच्या."

हा कागद कुठं जायचा नाय, म्हणून लिहिते. खोटं बोलले, पण ते तुमचं नाव राखायला नाय, आबा. नाय म्हणले असते, तर त्यानं पुढं विचारलं असतं, मग तू का नाय गेलीस?