अर्शीच्या अंगठ्याचं माप

कोल्हापूर,
ता. १९ जानेवारी २०२५

आपास जुलेखाचा सलाम.

इकडं सगळी बरी हायत. तुझे गुडघे कसे हायत? तेल लावतीस का नुसतं कपाटात ठेवलंयस? फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत न्हाईस. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिवायला बसले. चुका काढू नको.

तू सासू म्हणून अर्शीच्या लग्नासाठी पाठवलेला हिरवा चुडा मिळाला. काच चांगली हाय. जन्मभर बायकांना बांगड्या भरतेय, काच मला कळती. त्याच दिवशी पोरीला भरायला बसवली. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडली. साबण लावला, दाबलं, तर किंचाळली. बघते तर अंगठा सुजलेला, कातडं सोललेलं.

"कुणी मारलं?"

"कुणी न्हाय अम्मी, बॉलनं झालंय."

ती मॉलमधल्या बॉलिंगच्या तिथं काउंटरवर बसती, हे तुला ठावं हाय. पण ती नुसती बसत न्हाय, खेळती बी. हे मी तुला सांगितलं न्हवतं. लांब गुळगुळीत पट्टी, पलीकडच्या टोकाला दहा बाटल्यांसारखे ठोकळे. कलिंगडाएवढ्या बॉलला तीन भोकं. त्यात बोटं घालायची आन बॉल घरंगळत सोडायचा.

मी तशीच तिला धरून भांडायला गेले. तिथं शिकवणारी क्रांती म्हणून बाई हाय.

"लग्न तोंडावर, आन तुमच्या बॉलनं पोरीचा हात नासवला!"

"मावशी, बसा की आधी."

"बसायला न्हाय आले!"

भोक अरुंद हाय, हे मला दिसतच होतं. पिशवीतनं साबणाची वडी काढली, अर्शीच्या अंगठ्याला चोळली. म्हटलं, टाक आता. तिनं हात मागं नेला आन बॉल मागच्या मागंच सुटला! खुर्चीवर एक पावणं चिप्स खात बसलेलं, ते पाय वर घेऊन ओरडलं. अर्शीनं तोंड झाकून घेतलं.

क्रांती हसायलाच लागली. "मावशी, भोक मोठं हाय. बॉल निसटंल म्हणून ही दाबून धरती, म्हणून सूज. आधी ती उतरू दे, मग बॉल हिच्या मापात आणू."

काल परत गेलते. आपा, कसं सांगू. क्रांतीनं पॉलिश पेपरची सुरळी करून भोकाची धार मोडली. मग आत चिकटपट्टीचा तुकडा लावला. अर्शी अंगठा घालून बघायची. "अजून ढिला." आणखी एक पट्टी. "आता अडकतोय." ती काढली, बारीक कापून परत लावली. असं किती वेळा! कुणी वैतागलं न्हाय. चालवून घे की, असं कुणी म्हटलं न्हाय. मी आजवर बांगडी भरताना हातच दाबत आले. बाई रडली तर रडू दे, काचेला कोण सांगणार? आन हितं दगडासारखा बॉल माझ्या पोरीच्या अंगठ्याचं ऐकत होता. साबणाची वडी पिशवीतच ठेवली मी. मी!

मग अर्शीनं टाकला. अंगठा आपसूक बाहेर आला. बॉल टेकला त्याचा आवाजसुदीक न्हाय. कडेकडेनं गेला, आता पडतोय पट्टीच्या बाजूच्या खड्ड्यात म्हणेपर्यंत वळला, आन दहाच्या दहा आडवे. माझ्या तोंडातनं सुभानल्लाह निघालं. पोरगी माझ्याकडं वळली, हात मोकळे सोडून उभी. तिला अशी उभी राहिलेली घरात मी कधी बघितली न्हाय.

आता ऐक. लग्नानंतर पोरीनं काम करायचं न्हाय, असं तू म्हणालतीस. मी तिला न विचारता व्हय म्हणून मोकळी झाले. ते व्हय मी मागं घेते. पुढच्या महिन्यात ती पुण्याला मॅचला जाणार. लग्न झालं तरी कामाला जाणार, खेळणार बी. तुझ्या काशिफला समोर बसवून विचार, तुझं मत त्याच्या तोंडात घालू नको. त्याला जमत नसंल तर आत्ताच सांगा. रागावशील तर रागव. बहीण हाय तुझी, पळून कुठं जाणार?

चुडा परत पाठवतेय, एक बी फुटलेली न्हाय. सूज उतरल्यावर न दाबता घालून बघितला. लहानच हाय. ह्या कागदाच्या मागं अर्शीचा हात ठेवून पेन फिरवलंय. त्या मापाचा मिळाला, तर तू स्वतः घेऊन ये. मी भरीन, साबणाशिवाय.

तुझी धाकटी,
जुलेखा