शस्त्रनिवडीचा अहवाल, पुरुषोत्तमकाकांस

लेस्टर,
रविवार, १८ जानेवारी

तीर्थरूप पुरुषोत्तमकाका यांच्या चरणी वरदाचा नमस्कार (घरात बारा अंश असल्यामुळे टोपी, मोजे आणि ब्लँकेट न काढता केलेला, भाव कमी समजू नये).

तुमचा दुसरा डोळा आता कसा आहे? पहिल्याचे ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याचे पावसाळा संपला की करू, असे तुम्ही म्हणाला होता, आणि आता संक्रांतही झाली. सुनेत्राकाकू गेल्यापासून त्यांच्या जास्वंदीला तुम्ही रोज स्वतः पाणी घालता असे सतीशदादाने सांगितले. ऐकून बरे वाटले. माझी प्रकृती ठीक आहे. संग्रहालयशास्त्राचा अभ्यासही ठीक चालू आहे. सध्या आम्हाला एका जुन्या पाद्र्याच्या घरातील वस्तूंची सूची करायला दिली आहे. तीत एक पिस्तूलही आहे. ते मी सुती हातमोजे घालून दोनदा हाताळले. आजवर माझा शस्त्राशी आलेला संबंध एवढाच.

तुमचे चार पानी पत्र पोचले. डिसेंबरात मी फोनवर, श्वास पुरत नसताना, घरात चोर शिरल्याचे तुम्हाला सांगितले, त्यावरून तुम्ही ते लिहिलेत. वनखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने लिहावे तसेच ते आहे. तुम्ही मला तीन पर्याय दिले आहेत: तुमच्याजवळ आहे तसे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वर, बारा बोअरची दुनळी बंदूक, आणि 'अगदीच हिंमत होत नसेल तर' छऱ्यांची बंदूक. शेवटी लिहिले आहे, 'विचार करून निवड. जे शस्त्र निवडशील ते तुला मिळेल. हा पुरुषोत्तमाचा शब्द आहे.' हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करून ठेवले आहे. त्याचे कारण या पत्रात पुढे येईल.

आधी त्या दिवसाविषयी. वेळ दुपारी साडेचारची होती, परंतु डिसेंबरात येथे साडेचारला पूर्ण काळोख होतो, त्यामुळे दुपार असूनही भीती रात्रीचीच वाटते. मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत वाचत बसले होते. स्वयंपाकघराची खिडकी वर सरकल्याचा आवाज आला, मग भांडे पडल्याचा, आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली (इंग्रजी होती, म्हणून लिहीत नाही). मी टेबलावर राहिलेले लाटणे उचलले, दाराआड उभी राहिले आणि तेथूनच कुजबुजत तुम्हाला फोन केला. काका, मी शाळेत आठ वर्षे पहिली आले, परंतु दाराआड कसे उभे राहावे हे मला कुणी शिकवले नव्हते. माझे दात वाजत होते आणि ते त्या व्यक्तीला ऐकू जातील याची मला लाज वाटत होती. पुढे काय झाले ते मी नंतरही फोनवर सांगितले नाही, आणि येथेही लगेच सांगण्याचे धैर्य होत नाही. एवढेच लिहिते की कुणाला इजा झाली नाही आणि लाटणे शाबूत आहे.

तुमची आज्ञा मी गृहपाठ समजून हाती घेतली. तीन पर्यायांचा तक्ता केला आणि वजन, आवाज, अचूकता, चष्मा नसताना उपयोग, असे रकाने आखले. शेवटच्या रकान्यात तिन्ही पर्यायांना शून्य मिळाले, कारण चष्मा नसताना मला दारही सापडत नाही. तरीही तक्ता पूर्ण केला, त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि वर ठळक अक्षरांत शीर्षक दिले: 'गृह व वैयक्तिक संरक्षणार्थ अग्निशस्त्राची निवड'. हा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी मंगळवारी वाचनालयात गेले. तेथे दर मंगळवारी दुपारी एक पोलीसबाई टेबल मांडून बसतात, आणि ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे. माझ्या पुढे सायकल हरवलेले एक गृहस्थ होते. ते कितीतरी वेळ बोलत राहिले याबद्दल मी त्यांची मनोमन ऋणी आहे.

बाई पन्नाशीच्या, प्रेमळ. मला त्यांनी 'मी डक' म्हटले (म्हणजे 'माझ्या बदका'; या भागात सर्वांनाच तसे म्हणतात, त्यात मायाच असते). त्यांनी शीर्षक वाचले, चहाचा कप खाली ठेवला, आणि मला बसायला सांगितले. मग त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा: रिव्हॉल्वर येथे सामान्य माणसाला मिळतच नाही. बंदूक मिळते, परंतु शेतकऱ्याला किंवा नेमबाजी करणाऱ्याला, प्रमाणपत्र घेतल्यावर. आणि माणसांपासून संरक्षण हवे म्हणून बंदूक हवी असे जो लिहितो, त्याचा अर्ज तेवढ्याच कारणाने फेटाळला जातो. मी विचारले, मग कारण काय लिहावे? त्या म्हणाल्या, खरे असेल ते. मी म्हटले, खरे तर हेच आहे. 

संरक्षणासाठी पिशवीत तिखटाचा फवारासुद्धा बाळगणे हा येथे गुन्हा आहे, हेही त्यांनी सांगितले. तुम्ही पार्सलमधून पाठवलेली लवंगी मिरचीची पूड त्या वेळी माझ्या पिशवीत, म्हणजे त्यांच्या गुडघ्यापासून दोन फुटांवर होती. मला खोटे बोलता येत नाही हे तुम्ही जाणता. मी पुडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी विचारले, हे खाण्याचे आहे का? मी म्हटले, पिठल्यात घालतात. त्या म्हणाल्या, "मग घरी जा, ते जे काय आहे ते कर आणि खा. मी काही पाहिलेलं नाही."

मी उठले नाही. निष्कर्षाविना अहवाल कसा लिहायचा? मी विनंती केली की अर्ज करणाऱ्याला जे विचारतात ते मला विचारावे. रांगेत कुणी नव्हते, म्हणून त्यांनी विचारले. मनासाठी काही औषध चालू आहे का, झोप लागते का, हात थरथरतो का. डॉक्टरांकडून तुझी माहिती मागवली तर ते काय लिहितील? गेल्या दोन वर्षांत घरात कुणी गेले आहे का, आणि त्यानंतर तू एकटी राहतेस का? कपाटाची किल्ली कुठे असते हे कुणाला ठाऊक आहे? मी प्रत्येक उत्तर वहीत लिहीत होते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो बहुधा अर्जावर नसावा. गेल्या वर्षभरात तुझ्या घरी न कळवता कोण कोण आले, त्यांची यादी कर.

मी यादी केली. पोस्टमन, सहा वेळा. घरमालक, नळ पाहायला. गॅसचे मीटर वाचणारे गृहस्थ. शेजारच्या गुजराती आजी, ज्यांना सगळे मोटीबा म्हणतात, ढोकळा घेऊन, चार वेळा. त्यांचे मांजर, असंख्य वेळा. शाल्मली, जवळजवळ रोज (ही माझ्या घरातच राहते, बर्मिंगहॅमला जन्मलेली, तिकडच्या आपल्या मराठी मंडळींपैकी, परंतु किल्ली नेहमी विसरते, म्हणून तिचे येणे न कळवता येण्यातच मोडते). बाईंनी यादी वाचली आणि विचारले, यातल्या कुणावर ती बंदूक चालवायची आहेस? मी मांजराचाही विचार करून पाहिला. मग फोल्डर मिटले.

येताना त्यांनी मला एक छोटा भोंगा दिला. अंड्याएवढा, गुलाबी. टाचणी ओढली की किंचाळतो. हे एक साधन कायद्याला चालते. ते नीट चालते हेही सिद्ध झाले आहे, कारण वाचनालयाच्या शांतता विभागात स्वेटर काढताना टाचणी निघाली. चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिले. शाळेतल्या बक्षीस समारंभानंतर एवढ्यांनी मला प्रथमच पाहिले असेल.

असो. अहवाल येथे संपतो. तब्येतीस जपावे. सतीशदादालाही तुमचे आशीर्वाद कळवावेत. मला तर तुमच्या पत्रातून मिळतातच.

तुमची आज्ञाधारक,
वरदा

ता. क. डिसेंबरात खिडकीतून आलेला चोर म्हणजे शाल्मली होती. किल्ली विसरली, बेल बिघडलेली, आणि मी वाचत असले की मला हाक ऐकू येत नाही. मी लाटणे उगारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "वरदा, तू मला लाटणीने मारणार होती? सीरियसली?" मग आम्ही जमिनीवर बसून चहा प्यायलो. तुम्हाला मी सांगितले नाही, कारण तोवर तुम्ही फोनवर फार काळजीत होता, आणि मला शरम वाटली. काका, त्या दिवशी माझ्या हातात तुमच्या पत्रातला पहिला पर्याय असता, तर आज मी हे पत्र लिहू शकले नसते, आणि शाल्मलीच्या आईला कुणीतरी दुसरे पत्र लिहावे लागले असते.

ता. क. दुसरा. पोलीसबाईंच्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिताना मी डावीकडे माझी लिहिली आणि उजवीकडे तुमची. हा उद्धटपणा आहे, क्षमा असावी. दिवाळीच्या आधी सतीशदादा पुण्याहून न कळवता कराडला आला होता, तुम्हाला चकित करावे म्हणून. दुपारचे अडीच वाजले होते, तुमचा नुकताच डोळा लागला असेल. जाळीच्या दाराआडून तुम्ही त्याच्यावर रिव्हॉल्वर रोखलेत. हातात फराळाची पिशवी घेऊन तो उभा राहिला आणि स्वतःचे नाव त्याने तीनदा सांगितले. नंतर तुम्ही हसून म्हणालात की तुझी परीक्षा घेत होतो. तोही हसला. मला मात्र त्याने फोनवर सांगितले की पहिल्या दोन वेळा बाबांना ऐकूच आले नव्हते. एवढे सांगून त्याने फोन ठेवला. तुम्हाला तो हे कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

ता. क. तिसरा, आणि खरे तर पत्र यासाठीच आहे. तुम्ही शब्द दिला आहे की मी जे शस्त्र निवडीन ते मला मिळेल. मी निवडले आहे. पर्याय पहिला, परंतु तसे दुसरे नको, तुमचेच हवे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी गेल्या आठवड्यात तुम्ही ते नियमानुसार, नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केलेत, असे फोनवर म्हणालात. निवडणूक झाली की ते परत आणायला जाऊ नका. ठाण्यातच राहू द्या. त्यासाठी लागणारा अर्ज सतीशदादा घेऊन येईल. या वेळी कळवून येईल. जमा केल्याची पावती मात्र मला पाठवा, मी ती शब्दकोशात जपून ठेवीन. तुम्ही दिलेल्या शब्दकोशात.

ता. क. चौथा. निवडणूक आटोपण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे म्हणून मी लिफाफ्यावर दुप्पट तिकिटे लावली आहेत, कारण ते आणणारे पोस्टमन न कळवताच येतील.