डाव्या चपलांची फळी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). तुझी तब्येत बरी असल्याचं भाचीकडून कळतं. तुझ्याकडून ते कधीच कळत नाही, कारण तुझ्या मते तू गेल्या वर्षी न्हाणीघरात पडलीस ती अजून उठलेलीच नाहीस. वॉकर ठीक चालतो ना? त्याच्या डाव्या पायाचं रबरी बूच सैल होतं, दाजींना दाबून बसवायला सांग. त्यांचा खोकला कसा आहे? आमची ही तुला नमस्कार सांगते, आणि पत्रात तिच्याबद्दल काही लिहू नका असंही सांगते, म्हणून लिहीत नाही.

पत्राचं कारण म्हणजे आपली खोली जायची वेळ आली होती. बाबांची चाकाची खुर्ची आणि काठी मांडून तू जिथे ‘लागेल त्याने न्यावं, बरं वाटलं की आणून द्यावं’ हा उद्योग सुरू केलास आणि नंतर तो माझ्या गळ्यात मारून गेलीस, तीच खोली. आता तिथे खुर्च्या, कुबड्या, कमोड, टेकून बसायचे पलंग, सगळं आहे. फक्त छप्पर म्हणावं असं काही उरलेलं नाही. पावसात मी पलंगांवर बादल्या ठेवतो, तेव्हा पेशंट दाखल केल्यासारखंच वाटतं. घरमालक म्हणाला, छप्पर तुम्ही दुरुस्त करा नाहीतर खोली सोडा. खोली सोडली तर हे सामान जाणार भंगारात, आणि या भागातली म्हातारी माणसं पुन्हा दोघांच्या खांद्यावर हात टाकून संडासला जाणार. त्यामुळे मी रात्रंदिवस (म्हणजे दिवसा, रात्री मी झोपतो) याच विचारात होतो.

अशात आपल्या खजिनदारांनी (तेच ते, बँकेत कॅशियर होते, अजून बोट ओलं करूनच वर्तमानपत्राचं पान उलटतात) वाचनालयाच्या फळ्यावरची एक जाहिरात उतरवून आणली. ‘सेवाभावी संस्था आणि स्थानिक मंडळांसाठी अनुदानाची सुवर्णसंधी.’ मी तिथेच सावध झालो. माझी उभी हयात वजनमापं तपासण्यात गेली. ज्या दुकानावर ‘सुवर्ण’ लिहिलेलं असे, तिथल्या तागडीखाली हमखास चुंबक सापडे. शिवाय खाली बारीक अक्षरात ‘मध्यस्थांना पैसे देऊ नयेत’ असं होतं. म्हणजे मध्यस्थ होते! नसते तर लिहिलं कशाला असतं? आणखी चौकशी केली तेव्हा कळलं की हा निधी एका दिवंगत साबणवाल्याच्या नावाने चालतो. नाव ऐकून मी ताडकन उठलो (गुडघ्याचं नंतर लक्षात आलं). त्याच गृहस्थाच्या वड्या कमी वजनाच्या भरतात म्हणून मी एकदा त्याचं अख्खं कपाट सील केलं होतं. खजिनदार म्हणाले, मग तर हा पैसा मुळात लोकांचाच, लोकांना परत मिळतोय. हे मला पटलं, आणि खजिनदारांचं म्हणणं मला पटायला लागलं, की मी नेहमीच जरा जास्त सावध होतो.

अर्जात एक प्रश्न होता: तुमच्या कार्यामुळे समाजात मोजता येण्याजोगा कोणता बदल झाला? जन्मभर मापं घेऊन फिरलेला मी इथे मात्र अडलो. पलीकडच्या गल्लीतला निवृत्त शिंपी आता स्वतःच्या स्वतः गॅलरीपर्यंत जाऊन खालच्या लोकांना नावं ठेवतो, हे कशात मोजायचं? खजिनदारांनी ‘आनंद वाढला’ असं लिहिलं. मी ते खोडलं, कारण त्यापुढे एकक नव्हतं. शेवटी आम्ही जे खरं तेच लिहिलं, की अमुक इतकं सामान आहे, ते नेतात, आणतात, आणि वरून पाणी गळतं.

मग निधीकडून तपासायला एक बाई आली. आता तपासणी म्हणजे माझा प्रांत. तपासणारा कसा यावा, तर न कळवता, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि चहाला नाही म्हणत. ही बाई कळवून आली, हसत आली आणि चहा दोनदा घेतला. मी म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय. (मुरत होतंच, पण ते छपरातून.) गळका कोपरा मी तिला मुद्दाम दाखवला, तर तिचं तिकडे लक्षच नाही. ती आपल्या चपलांच्या फळीसमोर उभी राहिली, आणि तिथेच थिजली.

तुला तुझा नियम आठवतच असेल. अनामत म्हणून पैसे ठेवून घेतले तर माणूस पैशावर पाणी सोडतो, पण चप्पल सोडून जाणार कुठे, असं म्हणून तूच ही रीत पाडलीस: सामान न्यायचं तर पायातली डावी चप्पल ठेवून जायचं. आज त्या फळीवर रांगेने डाव्या चपला, सँडल, रबरी स्लिपर, आणि मधोमध एका शाळकरी पोराचा काळा बूट आहे. मला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नाही. पण बाईचा आवाज एकदम खाली गेला.

“या सगळ्या डाव्याच?”

“नियमच आहे तसा,” मी ताठ मानेने म्हणालो. “उजवी त्यांच्याकडेच राहते.”

तिने त्या काळ्या बुटाकडे बोट केलं. लहान मुलंसुद्धा का, असं विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे लहानमोठा असा भेदभाव नाही. मग पुढे काय होतं, म्हणाली. मी म्हणालो, पुढे काय, काम झालं की येतात, डावा पाय घालतात आणि चालत घरी जातात. यावर तिने पदराने डोळे पुसले. माझ्यासमोर रडलेले व्यापारी मी खंडीभर पाहिले आहेत, पण तपासणाराच रडतो हे पहिल्यांदाच पाहत होतो. ती गेल्यावर मी खुर्च्या आणि कुबड्या पुन्हा एकदा जागच्या जागी आहेत ना ते बघून घेतलं.

काही दिवसांनी पत्र आलं. ‘पाय गमावलेल्यांना पुन्हा उभं करण्याच्या आपल्या अतुलनीय कार्यासाठी’ आम्ही मागितलं होतं त्याच्या दुप्पट अनुदान! खजिनदार मला मिठीच मारायला आले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणाले. मी म्हणालो, देतो खरा, पण दुसरा कोणाचा काढून आणला हे विचारायला नको का? ताई, वजनात कमी देणाऱ्याला जग चोर म्हणतं. पण जास्त देणाऱ्याचा काटाही तितकाच खोटा असतो, एवढंच की त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही. खजिनदारांनी हात जोडले, गप्प बसा, छप्पर होईल, वर रंगही होईल, तुम्ही तिथे विचारायला गेलात तर आहे तेही जाईल. ते बरोबरच बोलत होते. रात्रभर मला भंगारवाल्याची गाडी दिसत राहिली. तरी सकाळी उठून गेलो. स्वभावाला औषध नाही.

निधीच्या कचेरीचं दालन काचेचं, थंडगार, आणि पाहुण्यांसाठीच्या खुर्च्या इतक्या खोल की बसलेला माणूस उठताना देवाचं नाव घेईल. हातही नाहीत त्यांना. (आपल्या साध्या कमोडला आहेत.) बाई आली. मी पत्र पुढे केलं आणि फळीची सगळी हकीकत सांगितली. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली.

“म्हणजे त्या सगळ्यांना दोन्ही पाय आहेत?”

मी ओशाळून हो म्हणालो. लोकांना दोन पाय असल्याची लाज मला आयुष्यात प्रथमच वाटली. त्यानंतर ती जी हसत सुटली ती पदर तोंडात घालूनही थांबेना. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून पाहू लागले. मी संशयाने पाहत होतो की हे हसणं अर्ज फेटाळायच्या आधीचं की नंतरचं. शेवटी म्हणाली, दुप्पट रक्कम तर आता रद्दच झाली, पण छपराचा मूळ अर्ज मी समितीपुढे ठेवते.

निघताना तिने चाचरत विचारलं, तुमच्याकडे अंघोळीची खुर्ची असते का, सासऱ्यांना कालच दवाखान्यातून घरी आणलंय. मी ओळखलं, ही परीक्षा आहे. निधीवाल्यांना सवलत देतो की काय ते पाहते. म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. ती संध्याकाळी आली, डावी सँडल काढून फळीवर ठेवली आणि खुर्ची घेऊन एका पायाने अनवाणी गाडीपर्यंत गेली. ती गेल्यावर सँडल मी उजेडात उलटसुलट पाहिली. टाच चांगलीच झिजलेली होती. खोट्या माणसाची टाच इतकी झिजत नाही, असा माझा अनुभव आहे. पण एवढ्यावरून मत बनवणं बरं नव्हे.

असो. दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. उत्तर लगेच धाड.

तुझा,
धाकटा

ता. क. — मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. अनुदान द्यायच्या आधी बाई एकूण एक सामान डोळ्यांनी पाहणार आहे. एक नग जरी कमी भरला तरी छप्पर गेलं आणि खोलीही गेली. आणि कमी आहे तो एकच, तुझ्याकडचा वॉकर. तेव्हा तो ताबडतोब पोचला पाहिजे.

ता. क. २ — कुरिअरने पाठवू नकोस, ते लोक स्क्रू काढून घेतात. दाजींबरोबर तर नकोच, ते वॉकर गाडीत विसरतील आणि दुसऱ्याची छत्री घेऊन येतील. तूच घेऊन ये.

ता. क. ३ — आमच्या हिने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, म्हाताऱ्या बहिणीला खोटं लिहिता, लाज नाही वाटत? तर खरं लिहितो. छप्पर मंजूर झालं, परवाच पत्र आलं. बाई म्हणाली, ज्याची चप्पल फळीवर आहे त्याचं सामान कामावर आहे असं आम्ही धरतो. वॉकर कोणीही मागितलेला नाही, मीच मागतोय. भाची सांगते, डॉक्टरांनी तुला केव्हाच मोकळं केलंय, पण तू वॉकर धरून खिडकीपर्यंत जातेस आणि परत फिरतेस. ताई, पाय बरे झाले, त्यांच्यावरचा तुझा भरवसा तेवढा झालेला नाही. जन्मभर मी माणसांवर, काट्यांवर, साबणाच्या वडीवरसुद्धा संशय घेतला, पण तुझ्या पायांवर कधी घेतला नाही. मला तुझी फार आठवण येते. नव्या छपराखाली पहिली तू आलेली हवी आहेस. वॉकर हातात धरून आण, वाटलं तर खांद्यावर टाकून आण. येताना पायात उजवी घाल. डावी इथे आहे.